खानदेशातील गरीब विद्यार्थी : वार, बोर्डिंग आणि खिचडी

वाचकहो, कापसाच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे आमच्या खानदेशातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत जाऊन बसावे. दसऱ्यापर्यंत भरलेला वर्ग हळूहळू विरळ होऊ लागलेला दिसतो. गुरुजी नाव पुकारतात आणि मागून कुणीतरी उत्तर देतो, 'ती वावरात गेली गुरुजी.' वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे आठ वर्षांच्या पोरीने वेचलेले चार बोंडही आईच्या गाठोड्यात पडते आणि संध्याकाळी काट्यावर त्याचे पैसे होतात. त्या पैशांवर ज्या घरची चूल पेटते, त्या घराच्या ओट्यावर जाऊन 'शाळा फुकट आहे, पोरीला पाठवा' असे सांगणारे गुरुजी खोटे बोलत नाहीत. पण त्यांचे बोलणे अपुरे असते, आणि ते त्यांनाही ठाऊक असते.

शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, अशी समजूत आपल्याकडे फार काळ चालत आली. सरकारदरबारी तर ती शंभर वर्षे ठाण मांडून बसली होती. गरिबाच्या मुलाला शाळेत येण्यासाठी फीपेक्षा निराळेच काही द्यावे लागते. दिवसभराची मजुरी सोडावी लागते, पोटाला भाकरी लागते, धाकट्या भावंडाला सांभाळणारे दुसरे कुणी लागते, आणि गावात पुढची शाळा नसेल तर तालुक्याला राहावयास जागा लागते. हा दुसरा खर्च कोणी, केव्हा आणि किती उचलला, याची हकीकत म्हणजेच खानदेशातील गरीब विद्यार्थ्याचा इतिहास. तोच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

सुरुवात कापसापासूनच करू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्याच सुमारास रेल्वे खानदेशात आली. तापीकाठच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला आणि पुढे जळगाव, धुळे, अमळनेर इकडे सरकी काढण्याच्या जिनांचे धुराडे दिसू लागले. या जिनांतून बायका कामाला असत, आणि बायकांबरोबर मुले. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. त्याने काय केले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असे ठरवले. वाचकहो, ही मुलांवर केलेली दया होती! सातव्या वर्षी आपला मुलगा पहिली-दुसरीत असतो. त्यातही शंभराहून कमी माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणाऱ्या कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता. जिन तर हंगामी. म्हणजे आमच्याकडची पुष्कळशी जिने या कायद्याच्या कुंपणाबाहेरच राहिली. १८९१ साली कायदा सुधारला, वय सातावरून नऊ झाले आणि तास नवावरून सात. शाळेचे नाव दोन्ही वेळा कुणाच्या लेखी नव्हते.

पहिल्या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन नेमले गेले. त्यापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. हे निवेदन शिक्षकबंधूंनी एकदा मुळातून वाचावे अशी माझी विनंती आहे. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण जोतीराव सरळ सांगतात. घरची अतिशय गरिबी, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला मुलांचीच गरज. आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा सोपा दोष देऊन ते मोकळे होत नाहीत. रयत जमीन महसुलाबरोबर रुपयामागे एक आणा लोकल फंड भरते, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असतो, मग तो पैसा रयतेच्याच मुलांवर का खर्च होत नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांच्या मागण्या दोन. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि खालच्या मानलेल्या वर्गांतील मुले शाळेकडे वळावीत म्हणून त्यांना भत्ते व बक्षिसे द्यावीत. सक्ती आणि भत्ता, दोन्ही एकाच माणसाने एकाच कागदावर मागितले होते. पुढच्या लोकांनी त्यांतली सक्ती तेवढी उचलली आणि भत्ता विसरून गेले.

गोपाळराव गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले. त्यात महिना दहा रुपयांच्या आत प्राप्ती असलेल्या पालकाला फी माफ होती, आणि शेतीच्या हंगामात मूल गैरहजर राहिले तर ते कारण ग्राह्य धरण्याची तरतूद होती. शेतकऱ्याच्या घरात काय चालते याची गोखल्यांना जाण होती. १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते बिल पडले. त्यानंतर १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली तरी पुढे येणाऱ्या नगरपालिका बोटावर मोजण्याइतक्याच होत्या. त्यांत आमची धुळ्याची नगरपालिका होती, ही गोष्ट धुळेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ सालीच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. जो पालक मूल शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. महाराजांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. दंडाच्या आधी त्यांनी वसतिगृहे काढली होती, पहिले १९०१ सालचे. इतर ठिकाणी बहुधा उलटा क्रम होता. कायदा आधी आला, त्याच्या पाठोपाठ नोटिसा आल्या, आणि भाकरीचा विचार कुणी केलाच तर सर्वांत शेवटी.

परिणाम काय झाला तो हारटोग कमिटीने १९२९ साली आकड्यांनी दाखवला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोहोचली होती फक्त १८. हा आकडा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा आहे. बाकीची ८२ कुठे गेली? काही त्याच वर्गात अडकून पडली, पुष्कळशी गेली गुरांमागे. कमिटीने याला 'अपव्यय' असे नाव दिले आणि चांगल्या शाळा थोड्याच ठेवाव्यात, संख्या वाढवण्याची घाई करू नये, असा सल्ला दिला. मला हा सल्ला तेव्हाच्या परिस्थितीत फार निर्दय वाटतो. मूल टिकत नाही ते भुकेमुळे, आणि उपाय काय, तर शाळाच कमी करा!

आता भाकरीकडे वळू. जुन्या काळी गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची एक सोय आपल्या समाजात होती. तिचे नाव 'वार'. आठवड्याचे सात दिवस सात घरे बांधून घ्यावयाची. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी भटजींकडे, असे. वार लावून जेवलेली आणि पुढे मोठी झालेली माणसे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. कोणी माधुकरी मागत, कोणी हाताने शिजवून खात. या सोयीत दातृत्व होते यात शंका नाही. पण तिला जातीची चौकट होती. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरी पान वाढले जाई. कुणब्याच्या, माळ्याच्या, भिल्लाच्या मुलाने धुळ्यात किंवा जळगावात वार कुठे लावावयाचा? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर ओसरीवरही जागा नव्हती. आणि मुलींचा प्रश्नच कुणाच्या मनात येत नसे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या समाजांनी आपापली बोर्डिंगे काढली. आज आपण त्यांना जातवार म्हणून नाके मुरडतो, पण त्या वेळी खेड्यातला मुलगा हायस्कुलात टिकला तो या बोर्डिंगांमुळे. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह चालू केले आणि ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा गेले. शाळेच्या इमारतीला देणग्या मिळतात. रोजच्या ज्वारीला मात्र कुणाच्या तरी घरातले सोने लागते.

आमच्याकडे या बाबतीत नाव घ्यावयाचे ते अमळनेरचे. कापसाच्या ज्या व्यवहाराने मुलांना जिनात ओढले, त्याच व्यवहारातून अमळनेरचे श्रीमंत प्रतापशेठ यांची गिरणी उभी राहिली आणि त्यांच्या दानातून तिथे शिक्षणाचीही सोय झाली. त्यांनी काढलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अभ्यासासाठी आला आणि १९२४ साली एम. ए. होऊन तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाला. हेच आपले साने गुरुजी. कोकणातल्या पालगडचा हा मुलगा. शिकण्यासाठी औंध संस्थानात गेला तेव्हा हाताने स्वयंपाक करून आणि कित्येकदा अर्धपोटी राहून दिवस काढलेला. दारिद्र्य म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

लवकरच शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी तिथे काय केले ते थोडे निवांत सांगण्यासारखे आहे. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरत. विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवीत, कंदिलांच्या काजळलेल्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे दिसले तर धुऊन टाकीत. मुले परत येऊन पाहत तो खोली स्वच्छ! हे कोण करते, असा आधी त्यांना प्रश्न पडे, मग कळले तेव्हा लाज वाटे, आणि हळूहळू मुले आपली कामे आपण करू लागली. गरीब मुलांच्या फीचे पैसे गुरुजींच्या पगारातून जात. ते रोज हाताने एक 'छात्रालय दैनिक' लिहून काढीत आणि मुले ते वाचण्यासाठी गर्दी करीत. पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' नावाचे मासिक त्यांनी चालवले. कंदिलाची काच पुसणे यात शिक्षणशास्त्र कोणते, असे एखादा विचारील. खेड्यातून आलेला, आईला सोडून प्रथमच बाहेर राहिलेला मुलगा संध्याकाळी खोलीत येतो, तेव्हा त्याला परत घरी पळून जावेसे वाटू नये, यात ते सगळे आले. पोटाच्या भुकेबरोबर ही दुसरीही भूक असते, आणि वसतिगृहाच्या नियमावलीत तिला कलम नसते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी गुरुजींनी नोकरी सोडली. शिक्षक म्हणून त्यांची वर्षे जेमतेम सहा भरतात. इतक्या थोड्या काळावर खानदेशातल्या दोन-तीन पिढ्या बोलत राहिल्या. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला इथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. एका छात्रालयात राहून राहून किती मुले राहणार? आणि साने गुरुजी प्रत्येक तालुक्याला कुठून आणावयाचे? चांगल्या माणसावर उभी असलेली सोय त्या माणसाबरोबर निघून जाते. म्हणून स्वराज्य आल्यावर हे काम सरकारवर येणे भागच होते.

ते आले, पण हप्त्याहप्त्याने. आधी फी गेली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली. तोपर्यंत 'नादारी'साठी मुलाने हेडमास्तरांपुढे हात जोडून उभे राहावयाचे असे. नादारी हा शब्दच किती बोचरा आहे पाहा. या सवलतीने ते उभे राहणे पुष्कळसे संपले आणि खेड्यापाड्यातली मुले कॉलेजपर्यंत पोहोचली. आज माझ्यासारखे जे प्राध्यापक खानदेशात शिकवतात, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस म्हणजे वडील किंवा काका, आणि तेही याच सवलतीवर. १९७२-७३ पासून आदिवासी भागात शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. साक्री, शिरपूर, आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले अक्कलकुवा, धडगाव हे तालुके, इथल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी शाळा आणि जेवण प्रथमच एका छपराखाली आले. त्यांचे जेवण, त्यांची छपरे कशी आहेत यावर बोलावयाचे तर निराळे भाषण लागेल.

मग १९९२ साल उजाडले. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीतल्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेला भत्ता तो हाच, एकशे दहा वर्षांनी. एक रुपयात काय होते, असे तेव्हाही लोक म्हणाले, आणि रुपयाची किंमत घसरत गेली तसे ते अधिकच खरे होत गेले. तरी त्यामागचे तत्त्व मोठे होते. पोरीचा शाळेतला दिवस म्हणजे घराला सोसावी लागणारी तूट आहे, हे सरकारने मान्य केले. कोल्हापुरात १९१७ साली न येण्याबद्दल एक रुपया घेत होते, इथे येण्याबद्दल एक रुपया देऊ लागले.

१९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्राची शालेय पोषण योजना आली. प्रथम आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते. महिन्याला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाच्या घरी तीन किलो तांदूळ जावयाचा. शाळेत तराजू आला आणि गुरुजी वाणी झाले, अशी थट्टा त्या वेळी खूप झाली. तांदूळ घरी गेला की तो सगळ्या घराचा होई. आजोबा खात, मोठा भाऊ खाई, आणि जिच्या हजेरीवर तो मिळाला तिच्या वाट्याला दोन घास येत. २००१ च्या २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शाळेत शिजवलेलेच अन्न मिळाले पाहिजे, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांतून खिचडी शिजू लागली. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य. आकडा लहान दिसतो. पण हे अन्न त्या मुलाच्याच पोटात जाते, शाळेत आले तरच मिळते, आणि पाटलाचा नातू व मजुराची पोर एका ओळीत बसून खातात. वाराच्या जेवणाला जी चौकट होती ती इथे मोडली. खिचडीवर विनोद करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. २०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या, धडे मोबाइलवर गेले, आणि ज्या घरात एकच मोबाइल होता तो बापाबरोबर कामावर गेला. त्या वर्षी पुन्हा कोरडे धान्य घरी वाटावे लागले आणि १९९५ ची गोष्ट पुन्हा घडली.

आमच्या बोलीचीही एक गोष्ट जाता जाता सांगतो. अहिराणी बोलणारा 'पोऱ्या' शाळेत गेला की त्याला 'मुलगा' व्हावे लागते. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्याला तर सारेच परके. गरीब घरात शाळेची भाषा बोलून दाखवणारे कुणी नसते, म्हणून हा भारही गरिबावरच अधिक पडतो. जिला अक्षर लिहिता येत नव्हते अशा बहिणाबाईंचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले, हे फार चांगले झाले. ते नाव पहिलीच्या वर्गापर्यंतही पोहोचावे.

जे. पी. नाईकांनी या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेला हा माणूस म्हणे, मूल दिवसा कामाला जाते ना, मग शाळा रात्री भरवा. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतर्फे चित्रा नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून असे रात्रीचे वर्ग चालवून दाखवले, आणि कंदिलाच्या उजेडात मुली शिकल्या. यावर आक्षेप असा, की यातून बालमजुरी आपण मान्यच केली. आक्षेप बरोबर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर, जो २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला, मुलाची जागा दिवसाच्या शाळेतच आहे यात वाद उरलेला नाही. पण नाईकांचा मूळ मुद्दा अजून जिवंत आहे. वेळापत्रक मुलाचे जीवन पाहून आखावयाचे, की मुलाने आपले जीवन वेळापत्रकात बसवावयाचे?

अंतराचेही असेच. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले आणि उदाहरण दिले ते आपल्या खानदेशातल्या तोरणमाळचे. शिक्षकांनी व पालकांनी विरोधही केला. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, सोबती असतात, हे खरेच. पण पाड्यावरची शाळा गेली की सहा वर्षांच्या पोराच्या वाटेत घाट येतो, आणि तो घाट कुणाच्या खर्चाने ओलांडावयाचा हा हिशेब आधी झाला पाहिजे, शाळेला कुलूप लागण्याच्या आधी.

आणि शेवटचा विषय उसाचा. बारडोली, सुरतेकडचे साखर कारखाने चालू झाल्यापासून धुळे-नंदुरबारची हजारो कुटुंबे दिवाळीनंतर तिकडे तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, म्हणून न जाण्याचा प्रश्नच नसतो. थोरली पोर बरोबर जाते, कारण कोपीत धाकट्याला सांभाळायला दुसरे कोण? ती परत येते तेव्हा परीक्षा झालेली असते. यावर निघालेला उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला जातात आणि मूल गावातच, आजीच्या किंवा चुलत्याच्या सोबतीने राहते. शाळेत त्याला दोन्ही वेळचे जेवण मिळते, अभ्यासाला एक माणूस असतो. जुन्या बोर्डिंगाचेच हे नवे रूप, फरक इतकाच की मूल गाव सोडत नाही, आईबाप सोडतात.

पण या योजनेची एक अडचण शिक्षकबंधूंनी माझ्यापेक्षा अधिक अनुभवली आहे. प्रस्ताव जातो, मंजुरी येते, पैसे येतात, तोपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. म्हणून जे गुरुजी खरोखर मुले टिकवतात ते नवरात्रातच घरोघर फिरून यादी करतात. कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, मागे घरात कोण राहणार, आजीला दिसते की नाही, धाकट्याला अंगणवाडीत घेतील का. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घटस्थापनेच्या आठवड्यात ठेवावी, आणि अर्ज दसऱ्याच्या आत पंचायत समितीत पोहोचवून पोच घ्यावी. उचल घेतलेल्या कुटुंबांची नावे मुकादमाच्या वहीत श्रावणातच चढलेली असतात. शाळेची यादी त्याच्या वहीच्या मागे पडू नये.